‘विषाणू चिकटूच देत नाही’: बापूंच्या फॉरवर्डला लेखी उत्तर

गेल्या रविवारी आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बापूंचा एक मेसेज आला. बापू म्हणजे समोरच्या घरातले निवृत्त एसटी ड्रायव्हर. सांगली-पंढरपूर गाडी वर्षानुवर्षं चालवलेला, शब्दाला पक्का माणूस. त्यामुळं मेसेज दुपारपर्यंत आणखी चार ग्रुपांवर गेला आणि संध्याकाळी माझ्या माहेरच्या ग्रुपवरून फिरून माझ्याकडंच परत आला. तोवर खाली ‘सांगलीकरांनो, अभिमान बाळगा’ ही ओळ कुणीतरी वाढवली होती.

मेसेज लांबलचक आहे, सार एवढंच. एक, विषाणू अशक्त शरीरालाच चिकटतो. प्रतिकारशक्तीची भिंत भक्कम असेल तर तो आपटून मरतो. दोन, पांढऱ्या पेशी विषाणू गिळतात, म्हणून त्या जितक्या जास्त तितका माणूस सुरक्षित. तीन, चांगल्या प्रतिकारशक्तीपुढं एचआयव्हीसुद्धा टिकत नाही, हे खुद्द एका नोबेलविजेत्यानं सांगितलंय. चार, डेंग्यू एकदा झाला की शरीर शिकतं, दुसऱ्या वेळी नुसती कणकण. पाच, गोवर अंगावर काढलेली पोरं दणकट होतात, लस हा धंदा आहे. सहा, एचआयव्हीच्या रिपोर्टात ‘विषाणू आढळला नाही’ असं आलं की गोळ्या बंद करून काढा सुरू करावा. सात, या सगळ्यावर उपाय सांगलीची हळद, ती विषाणूला पेशीला चिकटूच देत नाही.

मी समोर गेले. बापू म्हणाले, “अगं पोरी, यात वंगाळ काय हाय? हळद प्या म्हणतोय, इष थोडंच प्या म्हणतोय?” चहा संपेपर्यंत माझे दोनच मुद्दे सांगून झाले, तेवढ्यात त्यांचा नातू शाळेतून आला आणि विषय राहिला. म्हणून हे लेखी.

आधी माझ्याविषयी. मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या रक्ततपासणी विभागात मी बावीस वर्षं काम करते. जांभळ्या झाकणाच्या नळ्या हा माझा रोजचा शेजार. आणि माझे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. माझ्या शाळेच्या वह्यांच्या कव्हरांवर त्यांच्या पिवळ्या बोटांचे ठसे असायचे. तेव्हा हळदीशी माझं वैर आहे, असं कुणी समजू नये.

भिंतीपासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्या भिंतीवर उभं आहे.

विषाणूला पाय नाहीत, डोळे नाहीत, भूक नाही. अशक्त माणूस कोण आणि तालमीतला कोण हे त्याला कळण्याचा प्रश्नच येत नाही. चहाच्या आधणात पत्ती फिरावी तसा तो लाळेत, रक्तात, नाकातल्या ओलाव्यात भिरभिरत असतो आणि पेशींवर आदळत राहतो. त्याच्या अंगावर प्रथिनांचे खुंट असतात. त्यातला एखादा पेशीच्या अंगावरच्या नेमक्या रेणूत बसला तर विषाणू चिकटतो, नाही बसला तर घसरून पुढं जातो. आणि तो रेणू काही विषाणूसाठी ठेवलेला नसतो. पेशीला तिच्या स्वतःच्या कामासाठी तो लागतो, म्हणून असतो.

एचआयव्हीचंच बघा. त्याच्या खुंटाचं नाव जीपी-१२०. तो ज्या रेणूवर बसतो तो सीडी-४, हे १९८४ साली ब्रिटन आणि फ्रान्समधल्या दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं. पण एकटा सीडी-४ पुरत नाही, शेजारी आणखी एक रेणू लागतो. बहुतेक वेळा तो सीसीआर-५ असतो, आणि हे कळायला १९९६ साल उजाडलं. दोन्हींवर पकड बसली की खुंट आकार बदलतो, आत दडलेला जीपी-४१ पेशीच्या पटलात, म्हणजे तिच्या पातळ आवरणात, भाल्यासारखा रुततो आणि विषाणूचं नि पेशीचं अशी दोन्ही पटलं ओढून एकजीव करतो. विषाणूचा ऐवज आत उतरतो.

आता हा सीडी-४ मुख्यतः कोणाच्या अंगावर असतो? प्रतिकारयंत्रणेतल्या सहायक टी पेशींच्या. ऊसतोडीच्या टोळीत मुकादम असतो ना, तशा या पेशी. मुकादम स्वतः कोयता फारसा चालवत नाही, पण तो नसेल तर टोळी फडात उतरत नाही. कुणी कुठं जायचं, कोणती अँटिबॉडी (रोगजंतूला धरणारं प्रथिन) बनवायची, कधी थांबायचं, हे इशारे या पेशी देतात. एचआयव्ही थेट मुकादमाचाच हात धरतो. म्हणजे मेसेजवाला ज्याला भिंत म्हणतो, त्या भिंतीची वीटच इथं दरवाजा आहे. ज्याच्या अंगात प्रतिकारयंत्रणा आहे, त्या प्रत्येकाच्या अंगात हा दरवाजा आहे. पैलवानाच्याही.

काही थोड्या लोकांच्या अंगात तो नीट नसतो, आणि ती गोष्ट या मेसेजच्या बरोबर उलट आहे. सीसीआर-५ च्या जनुकातली ३२ अक्षरं गळालेली माणसं जगात आहेत. उत्तर युरोपात शंभरात एखाद्याला आई आणि बाप दोघांकडूनही असंच जनुक मिळतं. आपल्याकडं ते फार विरळ. अशा माणसांना एचआयव्हीची बाधा सहसा होत नाही. त्यांची भिंत उंच असते म्हणून नव्हे, तर विषाणूला धरायला लागणारी एक मूठ त्यांच्या पेशींवर नसते म्हणून. टिमोथी रे ब्राउन या एचआयव्हीबाधित माणसाला रक्ताचा कर्करोग झाला. २००७ साली बर्लिनमध्ये डॉक्टरांनी त्याच्यासाठी मुद्दाम असाच मूळपेशीदाता शोधला. प्रत्यारोपणानंतर त्याच्या अंगातला एचआयव्ही पुन्हा दिसला नाही. २०२० मध्ये तो गेला तो कर्करोग उलटल्यामुळं, एचआयव्हीमुळं नाही. ही मूठ काढ्यानं काढता येत नाही. ती झाकणारं मॅराव्हिरॉक नावाचं औषध मात्र २००७ पासून आहे, आणि तेही विषाणूची जात तपासूनच देतात.

दुसरा मुद्दा पांढऱ्या पेशींचा. इथं मला जरा रेंगाळायचंय, कारण बापूंनाही हाच भाग रंगला होता.

आपल्या त्वचेत आणि आतल्या ओल्या अस्तरात डेंड्रायटिक नावाच्या पेशी असतात, फांद्या फुटलेल्या झुडपासारख्या दिसणाऱ्या. परकं काही दिसलं की पकडायचं आणि जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन इतर पेशींना दाखवायचं, हे त्यांचं काम. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ती गाठ म्हणजे लसिकाग्रंथीच. तिथं सीडी-४ पेशींची, म्हणजे मघाच्या मुकादमांची, दाटी असते.

जत-आटपाडीच्या माळावर धनगरांची मेंढरं चरताना तुम्ही पाहिली असतील. मेंढरू गवतातून जातं आणि लोकरीला कुसळं चिकटतात. कुसळाला पाय नसतात, पण मेंढरू वाड्यावर गेलं की कुसळही वाड्यावर पोचतं. एचआयव्हीचं असंच होतं. डेंड्रायटिक पेशीच्या अंगावर साखरेचे रेणू ओळखून धरणारे हात असतात. त्यातल्या एकाचं नाव डीसी-साइन. विषाणूचं वरचं आवरण साखरेनं लगडलेलं असतं, त्यामुळं तो त्या हाताला आयताच सापडतो. २००० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं की अशी पेशी स्वतः बाधित न होताही विषाणू वागवू शकते आणि टी पेशीच्या हवाली करू शकते. पकडलेले बरेच विषाणू ती पचवतेही, त्याबाबत मेसेज अर्धा खरा आहे. पण सगळे पचत नाहीत. उरलेले जिथं पोचतात, तिथं त्यांना हव्या त्या पेशींचा बाजारच भरलेला असतो.

गाठीत पुढचा प्रकार होतो. दोन पेशी एकमेकींना टेकून बोलतात, ही त्यांची रीतच आहे. त्या टेकलेल्या जागी विषाणू गोळा होतो आणि एकीतून थेट दुसरीत उतरतो. उघड्या रक्तात यावंच लागत नाही, म्हणून अँटिबॉडीच्या हातीही कमी लागतो. आता सांगा, अशा वेळी पेशी वाढवून कोणाची सोय होणार?

म्हणूनच गुप्तरोगाचा व्रण अंगावर असेल तर एचआयव्ही लागण्याची शक्यता वाढते. कातडी फाटलेली असते हे एक, आणि व्रण भरायला सीडी-४ पेशींची फौज तिथं धावून आलेली असते हे दुसरं. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेनं १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम उभं केलं. तिथं बायकांनीच बायकांपर्यंत निरोध पोचवले. तेव्हा भोवतालचे लोक ‘ताकद वाढवायच्या’ पुड्या विकत होते. त्या बायकांचं गणित सरळ होतं: विषाणू पेशीपर्यंत पोचूच द्यायचा नाही.

आणखी एक गोष्ट, मला फार आवडणारी. नैरोबीतल्या पुमवानी वस्तीत १९८० च्या दशकाच्या मध्यापासून वेश्याव्यवसायातल्या बायकांचा अभ्यास चालू आहे. त्यातल्या काही बायका वर्षानुवर्षं धोक्यात राहूनही बाधित झाल्या नाहीत. त्यांची प्रतिकारशक्ती भन्नाट तेज असणार असं सुरुवातीला वाटलं होतं. काहींच्या अंगात एचआयव्ही ओळखणाऱ्या पेशी सापडल्याही. पण त्याबरोबर दिसलं ते असं, की त्यांच्या टी पेशी एरवी इतरांच्या मानानं शांत होत्या. उठलेल्या, खवळलेल्या सीडी-४ पेशीत एचआयव्ही जोमानं वाढतो, झोपलेलीत त्याला वाढणं अवघड जातं. आफ्रिकेतल्या सूटी मँगाबे माकडांचंही तसंच. एचआयव्हीचा भाऊबंद त्यांच्या रक्तात भरपूर असतो, तरी त्यांची यंत्रणा सतत खवळलेली राहत नाही आणि त्यांना सहसा एड्स होत नाही. ‘प्रतिकारशक्ती पेटवा’ असं छापलेल्या बाटल्या मेडिकलच्या काउंटरवर दिसल्या की मला ती माकडं आठवतात.

आकड्यांचं तर विचारूच नका. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. रक्ताच्या कर्करोगात हाच आकडा लाखावर गेलेला मी कितीदा पाहिलाय, आणि त्या माणसाला साधा संसर्गही परतवता येत नसतो. पेशी किती यापेक्षा कोणत्या, आणि त्यांना काय येतं, हे महत्त्वाचं.

तिसरा मुद्दा मेसेजमधला हुकमाचा पत्ता. नोबेलविजेत्यानं सांगितलंय म्हणे! बहुतेक फॉरवर्डांत असला नोबेलविजेता बनावट असतो. इथं तो खरा आहे, म्हणून झटकून चालणार नाही. एचआयव्ही शोधणाऱ्या पथकाचे प्रमुख लुक मोंतानिए यांना २००८ मध्ये फ्रान्स्वाज बारे-सिनुसी यांच्याबरोबर नोबेल मिळालं. त्यानंतर एका माहितीपटातल्या मुलाखतीत त्यांनी अशा अर्थाचं बोलून ठेवलं की चांगली प्रतिकारशक्ती असलेल्याला एचआयव्हीशी संबंध येऊनही कायमची बाधा होत नाही, शरीर काही आठवड्यांत विषाणू घालवतं.

यात खरं एवढं आहे की एका संबंधातून बाधा होण्याची शक्यता कमी असते. बहुतेक वेळा विषाणूचा पाय रोवला जात नाही, आणि रोवला गेला तरी तो पुष्कळदा एकाच विषाणूपासून. पण हा योगायोगाचा खेळ आहे, ताकदीचा नाही. आंधळ्या वळणावर रोज ओव्हरटेक करणारा ड्रायव्हर वर्षभर वाचला म्हणून त्याचं बंपर मजबूत ठरत नाही. हे बापूंना मी सांगायची गरज नाही. एकदा का विषाणूनं आपली प्रत सीडी-४ पेशीच्या डीएनएत शिवून टाकली की मग ‘काही आठवड्यांत घालवतं’ हे लागू पडत नाही. औषधाविना विषाणूला दाबून ठेवणारी माणसं आहेत, शंभरात एकाहूनही कमी. त्यांच्यातही जवळजवळ सगळ्यांच्या पेशींत तो दडलेला सापडतो. मोंतानिए पुढं आणखीही बरंच विचित्र बोलले. नोबेल मिळालेल्या माणसाचं पुढचं प्रत्येक वाक्य नोबेलचं नसतं.

डेंग्यूचा मुद्दा मात्र मला भीती घालतो. पाऊस उघडला की गच्चीवरच्या न झाकलेल्या बॅरलांत डास होतात आणि आमच्याकडं नळ्यांची रांग लागते. ‘मागं एकदा होऊन गेलाय, आता काय नाही होत’ असं म्हणत घरी थांबलेली माणसं त्या रांगेत उशिरा येतात.

डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एक होऊन गेला की त्या एकापुरतं संरक्षण पुष्कळ टिकतं. बाकीच्या तिघांविरुद्ध ते थोडे महिनेच असतं. त्यानंतर दुसऱ्या प्रकारचा विषाणू घेऊन आलेला डास चावला, तर जुन्या अँटिबॉडी नव्या विषाणूला ओळखतात, धरतात, पण निकामी करू शकत नाहीत. आणि मोनोसाइट, मॅक्रोफेज या गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींची सवय अशी की अँटिबॉडीची शेपटी दिसली की त्या शेपटीला धरून अख्खा माल आत ओढायचा. एरवी ही सवय आपल्याला वाचवते. पण डेंग्यूला वाढायला नेमक्या याच पेशी लागतात. आत ओढलेल्या थैलीत आम्ल वाढलं की त्याला पटल फोडून बाहेर पडायचा इशारा मिळतो. मेसेज म्हणतो ‘गिळून टाकतात’. हो, गिळतात. तेच तर त्याला हवं असतं!

ही काही कागदावरची कल्पना नाही. बँकॉकमधल्या मुलांत १९६० च्या दशकात स्कॉट हॉल्स्टेड या डॉक्टरांना दिसलं की गंभीर डेंग्यू होतो तो मुख्यतः दुसऱ्या वेळच्या मुलांना. आणि पहिल्या वेळी झालाच तर तान्ह्या बाळांना, ज्यांच्या अंगात आईकडून आलेल्या, विरत चाललेल्या अँटिबॉडी असतात. मग क्युबा. तिथं १९७७ मध्ये पहिल्या प्रकाराची साथ आली, माणसं तापली आणि बरी झाली. १९८१ मध्ये दुसरा प्रकार आला: ३,४४,००० हून जास्त रुग्ण, १५८ मृत्यू. पहिल्या साथीनंतर जन्मलेल्या एक-दोन वर्षांच्या मुलांत गंभीर आजार जवळजवळ दिसला नाही. ज्यांचं शरीर आधी ‘शिकलं’ होतं त्यांच्यात दिसला. पुढं फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून जास्त मुलांना डेंग्यूची लस दिली गेली. ज्यांना आधी कधी डेंग्यू झालाच नव्हता, त्यांच्यात लसच जणू पहिला डेंग्यू ठरते आणि पुढचा गंभीर होऊ शकतो, हे २०१७ च्या नोव्हेंबरात कंपनीला जाहीर करावं लागलं. लसीवर माझा पूर्ण विश्वास आहे, तरी हे इथं लिहिते, कारण ते लपवलं तर माझ्यात आणि फॉरवर्डवाल्यात फरक राहत नाही.

दुसऱ्या वेळी प्रत्येकालाच गंभीर होतो असं नाही, बहुतेकांना होत नाही. पण ‘नुसती कणकण’ हे आश्वासन कुणी देऊ नये. खरा धोका ताप उतरत असतानाचा, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशीचा. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, रक्त दाट होतं. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, माणूस मलूल पडणं, यातलं काही दिसलं तर पपईचं पान शोधत बसू नका, दवाखाना गाठा. आणि अंग दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढतो.

गोवराबद्दल मेसेजवाल्यापेक्षा माझ्या आजीला जास्त कळत होतं. आजी हरिपूरची. मी पहिलीत असताना मला गोवर आला. पुरळ आठवड्यात गेलं. मग कान फुटला, मग जुलाब, मग दोन महिने खोकला. आजी कुणालाही घरात येऊ देईना. शेजारीण म्हणाली, “अहो, गोवर गेला की आता.” आजी म्हणाली, “गोवर गेला, पर पोरगी पोकळ करून गेला.”

हे ‘पोकळ’ किती नेमकं होतं ते मला चाळीस वर्षांनी कळलं. गोवराचा विषाणू ज्या रेणूला धरतो तो सीडी-१५०, प्रतिकारयंत्रणेतल्या पेशींवरच असणारा. जपानमधल्या संशोधकांनी तो २००० साली शोधला. श्वासातून आलेला विषाणू फुप्फुसातल्या मॅक्रोफेज आणि डेंड्रायटिक पेशींना चिकटतो, त्यांच्याबरोबर गाठीत जातो आणि तिथं जुन्या आजारांची आठवण जपणाऱ्या पेशींत वाढतो. मग तो रक्तातून फिरून श्वासनलिकेच्या अस्तराला खालच्या बाजूनं, नेक्टिन-४ नावाच्या दुसऱ्या रेणूला धरून गाठतो, आणि खोकल्यातून बाहेर. आत येताना पहारेकऱ्याच्या खांद्यावरून, जाताना घराच्या पुढच्या दारातून!

वाटेत तो आठवण पुसून जातो. क्षयाची त्वचेवरची चाचणी गोवराच्या काळात उमटेनाशी होते, हे क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०८ सालीच लिहून ठेवलं होतं. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या गोवराआधीच्या आणि नंतरच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इतर रोगांविरुद्धच्या त्यांच्या अँटिबॉडींच्या साठ्यातला ११ ते ७३ टक्के भाग गायब झाला होता. लस घेतलेल्या मुलांत असं झालं नाही. लशीतला विषाणू कमजोर केलेला असतो, तो एवढी नासधूस करत नाही. दणकट कसली होतायत पोरं! तोवर कमावलेलं घालवून पुन्हा पहिलीत बसतात. नऊ महिने पूर्ण झाल्यावर एक आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा, असे गोवर-रुबेलाचे दोन डोस सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. धंदा म्हणावा तर गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायला हवेत.

सहाव्या मुद्द्यावर मी चिडून बोलणार आहे.

‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ हा शेरा मी स्वतः रिपोर्टवर छापते. त्याचा अर्थ, या नळीतल्या रक्तद्रवात मोजण्याइतका विषाणू नाही. गोळ्या चालू असतात म्हणून तो नाही. पण विषाणूची प्रत झोपलेल्या सीडी-४ पेशींच्या डीएनएत बसलेली असते, आणि गोळी झोपलेल्या पेशीला हात लावू शकत नाही. हा साठा गोळ्यांच्या जोरावर आपोआप संपायचा म्हटला तर सत्तरहून जास्त वर्षं लागतील, असा हिशेब २००३ मध्ये मांडला गेला. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांच्या रक्तात विषाणू दोन ते चार आठवड्यांत परत दिसू लागतो.

आमच्याकडं तपासणीला येणाऱ्या एकानं कुणा काढेवाल्याच्या सांगण्यावरून गोळ्या सोडल्या. नाव-गाव सांगणार नाही. काही महिन्यांनी त्याच्या रक्तातल्या विषाणूचा आकडा लाखात आला. मशीन बिघडलं असेल म्हणून मी ती नळी पुन्हा चालवली. मशीन ठीक होतं.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी, कारण ती कुणी फॉरवर्ड करत नाही. गोळ्या रोज घेऊन विषाणू सापडेनासा झाला, आणि तसाच राहिला, की त्या माणसाकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. माणूस लग्न करू शकतो, म्हातारा होऊ शकतो. १ एप्रिल २००४ पासून सरकार ही औषधं मोफत देतंय. शंका असली तर १०९७ हा सरकारी मदत क्रमांक आहे, तिथं नाव न सांगता विचारता येतं.

राहिली हळद. बापू, इथं जरा सबुरीनं घ्या.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते तिच्या वाणाचं आणि गुणाचं, विषाणू मारण्याचं नव्हे. हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात त्यातली बहुतेक पेवं गेली तेव्हा वडील दोन दिवस जेवले नाहीत. हळदीतला ज्याचा बोलबाला आहे तो घटक म्हणजे कुर्क्युमिन, शंभर ग्रॅम हळदीत साधारण दोन ते पाच ग्रॅम. तो आतड्यातून रक्तात जेमतेम उतरतो. ग्रॅमाग्रॅमानं दिला तरी रक्तातलं प्रमाण नाममात्र राहतं, आणि उतरलेला झटपट मोडतो. मग ‘प्रयोगशाळेत विषाणू रोखला’ या बातम्या येतात कुठून? काचेच्या ताटलीत कुर्क्युमिन जवळजवळ सगळ्याच गोष्टी रोखताना दिसतो. तो स्वतः चमकतो, भेटेल त्या प्रथिनाला चिकटतो, चाचणीचं गणितच बिघडवतो. औषधरसायनशास्त्रातल्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये यावर सविस्तर आढावा लिहून औषध म्हणून त्यावर वेळ घालवू नका असंच सुचवलं. म्हणजे ‘चिकटू देत नाही’ याऐवजी ‘स्वतःच सगळ्याला चिकटतो’ हे सत्याच्या जास्त जवळ आहे.

दुधात हळद घ्या, भाजीत घाला, पायाला खरचटलं तर माझ्या आईसारखी दाबून भरा. फक्त अर्काच्या गोळ्या मुठीनं खाऊ नका, त्यानं काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

काल हे सगळं बापूंना वाचून दाखवलं. मूळ मेसेज काढून टाकायची मुदत उलटून गेली होती, म्हणून त्याच पाच ग्रुपांवर हे उत्तर टाकायचं त्यांनी कबूल केलं. फोन हातात घेतला, चष्मा लावला, मग म्हणाले, “तेवढा शेवटचा हळदीचा भाग गाळूया का गं? धाकट्या भावाची अडत हाय यार्डात.”

मी म्हटलं, “टाकायचं तर सगळं टाका, बापू. माझं माहेरही त्याच यार्डातलं हाय.”

त्यांनी बराच वेळ अंगठा वर धरून ठेवला. मग टाकलं.